सहा सिलिंडरांच्या निष्कलंक चारित्र्याची जपणूक

बीएमडब्ल्यू कंपनीने 2000 ते 2006 या काळात आपल्या तिसऱ्या व पाचव्या मालिकेच्या गाड्यांत आणि त्यांच्या काही भावंडांत बसवलेले एम54 हे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन अत्यंत विश्वासार्ह आहे, याबद्दल त्याच्या मालकांत दुमत आढळत नाही. याचे एक कारण असे की, ज्या दिवशी गाडी रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभी राहते त्या दिवशीही बिघडले ते इंजिन नव्हे, त्याला लागून असलेली दुसरीच एखादी वस्तू, असे सिद्ध करण्याची सुस्थापित पद्धत त्यांच्यात रूढ आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनाचा सांभाळ अंगावर घेणाऱ्या नवशिक्या मालकाने पाने-पकडी हाती धरण्यापूर्वी ही पद्धत आत्मसात करणे इष्ट असल्याने, प्रस्तुत मार्गदर्शनात देखभालीच्या क्रियांबरोबरच तिचीही मांडणी केली आहे.

मालकांच्या श्रद्धेचा आधार भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. सहा सिलिंडर एका रांगेत असले आणि क्रँकशाफ्टवरील, म्हणजे पिस्टनांच्या वरखाली गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करणाऱ्या दांड्यावरील, त्यांच्या जागा एकमेकींपासून 120 अंशांवर ठेवल्या की पिस्टनांच्या धावपळीतून उपजणारी पहिल्या व दुसऱ्या क्रमाची कंपनबले परस्परांना नाहीशी करतात. चार सिलिंडरांच्या इंजिनाला हे साधत नाही, तेथे दुसऱ्या क्रमाचे बल शिल्लक उरते आणि चालकाच्या तळव्यांना ते कळते. कंपनीची ही परंपरा 1933 सालच्या 303 या गाडीपासूनची आहे. एम54 मध्ये ॲल्युमिनियमच्या ब्लॉकात ओतीव लोखंडाचे अस्तर आहे, व्हॉल्व्हांना चालवण्यासाठी रबरी पट्ट्याऐवजी साखळी आहे, आणि 2979 घन सेंटिमीटरच्या थोरल्या आवृत्तीची शक्ती 231 अश्वशक्ती आहे. वेळच्या वेळी ऑइल मिळालेले आणि कधीही अतितप्त न झालेले असे इंजिन न उघडता लाखो किलोमीटर चालते, ही गोष्ट शब्दशः खरी आहे. अडचण एवढीच की, हा धातूचा गाभा ज्या प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या गोतावळ्यात राहतो त्याला अमरत्वाचा वर मिळालेला नाही.

म्हणून पहिली क्रिया सीमांकनाची. ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि साखळी यांना 'इंजिन' मानावे. उरलेल्या सर्व वस्तूंना 'सुटे भाग' मानावे आणि त्यांच्या बिघाडाची नोंद इंजिनाच्या खात्यावर कदापि करू नये. सीमा एकदा आखली की गॅरेजचे बिल कितीही मोठे आले तरी इंजिनाच्या चारित्र्यावर डाग पडत नाही.

या सिद्धांताचा सर्वाधिक कस शीतकरण यंत्रणेत लागतो. एक्सपान्शन टँक, म्हणजे तापून फुगणाऱ्या कूलंटला सामावून घेणारी टाकी, प्लॅस्टिकची आहे. रेडिएटरची बाजूची तोंडे प्लॅस्टिकची आहेत, थर्मोस्टॅटचे घर प्लॅस्टिकचे आहे, आणि याच घराण्यातील नव्वदच्या दशकातील काही पंपांत तर पाणी ढकलणारी पंखाचकतीही प्लॅस्टिकची होती. थर्मोस्टॅट 97 अंश सेल्सिअसला उघडण्यासाठी रचलेला असल्याने हे सारे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानात दाबाखाली राहते, ठिसूळ होते आणि एके दिवशी टाकी शिवणीवर उभी फाटते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मालकाला या चिंतांपासून दूर ठेवतो. तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला आहे, आणि तो मध्य सोडून उजवीकडे सरकतो तेव्हा वाचण्यासारखे फारसे उरलेले नसते. काट्याच्या या सौजन्याला भुलू नये. जाणते मालक साधारण एक लाख किलोमीटरच्या टप्प्यावर टाकी, रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट आणि नळ्या असा सगळा संच फुटण्याची वाट न पाहता एकदम बदलतात आणि त्यानंतर इंजिनाच्या विश्वासार्हतेविषयी अधिक मोकळेपणाने बोलू लागतात.

नवा कूलंट भरताना यंत्रणेत हवा अडकू देता कामा नये. त्यासाठी गाडीची किल्ली 'ऑन' स्थितीत ठेवावी, हीटर कमाल तापमानावर व त्याचा पंखा किमान वेगावर ठेवावा, टाकीजवळचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत मिश्रण सावकाश ओतावे. मिश्रणात कंपनीने सांगितलेले कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असावे. स्क्रूही प्लॅस्टिकचाच असल्याने तो आवळताना मनगटातील पुरुषार्थ दाखवू नये.

ऑइलच्या बाबतीत सीमांकन अधिक नाजूक होते. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, म्हणजे झाकण आणि हेड यांमधील रबरी कड, कडक झाले की ऑइल तप्त एक्झॉस्टवर ठिबकते आणि सिग्नलला थांबलेल्या गाडीत जळका वास शिरतो. प्रवाशाने विचारल्यास पुढच्या ट्रककडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. ऑइल फिल्टरच्या घराचे गॅस्केट गळते तेव्हा ऑइल पट्ट्यावर आणि अल्टरनेटरवर उतरते. दोन्ही गॅस्केटे स्वस्त आहेत, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी तशी नाही. इंजिनात एकूण 6.5 लिटर ऑइल मावते आणि डिपस्टिकवरील दोन खुणांमधले अंतर सुमारे एका लिटरचे असते. हे इंजिन ऑइल पिते, हे माहीत असल्याने दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहावी. ऑइल बदलण्याची आठवण करून देणारे दिवे खर्च झालेल्या पेट्रोलच्या हिशोबाने चालतात आणि त्यांचा हिशोब कमालीचा उदार असतो. त्यांनी सुचवलेल्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल बदलणारा मालक कंपनीवर अविश्वास दाखवतो असे कोणी म्हटल्यास ते खरेच आहे.

क्रँककेस व्हेंटिलेशन, म्हणजे पिस्टनांच्या कडेने निसटून खाली आलेले वायू ऑइलपासून वेगळे करून पुन्हा इनटेककडे धाडणारी व्यवस्था, हा थंड देशांतील मालकांच्या विशेष अभ्यासाचा विषय आहे. छोट्या-छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, बाष्प ऑइलात मिसळते आणि नळ्यांत ताकावर आलेल्या लोण्यासारखा पिवळसर लगदा जमतो; कडाक्याच्या थंडीत तो गोठला की इनटेकमधून ऑइल थेट सिलिंडरांत ओढले जाण्याचा धोका असतो. द्रव दाबला जात नसल्यामुळे तेव्हा जे वाकते ते सीमेच्या आतले असते. हा संच इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अशा कौशल्याने बसवला आहे की, तो बदलणाऱ्या मेकॅनिकने त्याच्या रचनाकाराविषयी काढलेले उद्गार मार्गदर्शनपर लेखनात देता येत नाहीत.

इनटेकमधील डिसा झडप, जी हवेच्या मार्गाची परिणामी लांबी बदलते, तिची खीळ निसटून इंजिनात जाऊ शकते, म्हणून ती वेळोवेळी बाहेर काढून हलवून पाहावी. व्हॅनोस, म्हणजे कॅमशाफ्टची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा, तिच्या सीलांनी दम सोडला की कमी वेगात जोर कमी पडतो. मालकाला मात्र बहुधा आपलीच गाडी चालवण्याची शैली प्रौढ झाल्यासारखे वाटते.

सीमांकनाच्या सिद्धांताला खरे आव्हान आणखी एका प्रसंगी मिळते. गाडी अतितप्त झाल्यावरही पुढच्या वळणापर्यंत नेली तर हेड वाकते आणि हेडच्या बोल्टांचे आटे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकातून उपटून येऊ शकतात. मग ब्लॉकला भोके पाडून, त्यांत पोलादी आट्यांच्या बाह्या बसवून बोल्ट नव्याने आवळावे लागतात. येथे खुद्द गाभाच निकामी झालेला असतो. मात्र रूढ मतानुसार या घटनेची नोंद चालकाच्या खात्यावर होते, कारण त्याने गाडी थांबवायला हवी होती, आणि तो थांबला नाही यात इंजिनाचा काय दोष?

गाडी विकताना बिलांची फाईल टेबलावर ठेवावी आणि 'इंजिनाचे काम कधी निघालेच नाही' हे वाक्य शांतपणे उच्चारावे. खरेदीदार याच पंथाचा असेल तर तो मान डोलावील, फाईल हातात घेईल आणि टाकी शेवटची कधी बदलली ते विचारील.