चौसष्टावी गोळी

गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपचे कौतुक करावे तेवढे थोडेच. आयफोन एका ॲपच्या सर्वांत जवळच्या 64 सूचनाच राखतो, पुढच्या मुकाट गाळतो. दिवसाला तीन गोळ्या, प्रत्येकीची सूचना सुटी लावलेली आणि प्रोग्रामरने पुढची सोय केलेली नाही. म्हणजे बाविसाव्या दिवशी सकाळची गोळी घेतली की दुपारपासून रुग्ण बरा झाला असे समजावे. (रक्तदाबाला हे अद्याप कळवलेले नाही.) अँड्रॉइडची उपचारपद्धती अधिक जलद. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर साफ. ॲपला सुचलेच तर ते पुन्हा लावते. डॉक्टरांनी हे चिठ्ठीवर लिहून द्यायला हरकत नाही.

‘आम्हाला पाच तारे द्या’ ही सूचना मात्र सर्व्हरवरून येते, तिला 64ची अट नाही. रुग्णाच्या दहाव्यालाही ती अगदी वेळेवर वाजली.