प्रवाळाच्या टाकीवरील दिवा : निवड, आयुर्मान व खर्च यांविषयी मार्गदर्शक सूचना

उद्देश : दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची इच्छा झालेल्या गृहस्थास त्या समुद्रावर कोणता सूर्य टांगावा, तो किती वर्षे टिकेल आणि त्यापायी पगाराचा कोणता भाग पाण्यात जाईल, याची शास्त्रशुद्ध कल्पना यावी, यासाठी या सूचना प्रसृत करण्यात येत आहेत.

व्याप्ती : या सूचना चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशा काचेच्या टाकीस लागू राहतील. अशी टाकी काठोकाठ भरल्यास तीत सुमारे 450 लिटर खारे पाणी मावते. त्याचे वजन साडेचार क्विंटलांच्या वर जाते. काच, खडक आणि स्टँड वेगळे. खालच्या मजल्यावरील रहिवाशांनी आपण होऊन विचारल्याखेरीज हा आकडा सांगू नये.

1. आधी प्रवाळ ठरवावे, मग दिवा

(प्रत्यक्षात हा क्रम कोणीही पाळत नाही. तरी तो नमूद करणे आवश्यक आहे.)

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि घरभाडे म्हणून त्यातला मोठा वाटा मालकाला देते. प्रवाळाच्या गरजेपैकी 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातून येऊ शकते. म्हणून दिवा कमी पडला तर प्रवाळ उपाशी राहते. दिवा एकाएकी फार झाला तर ते भाडेकरूलाच घराबाहेर काढते आणि पांढरे पडते.

कोणास किती प्रकाश लागतो, हे वनस्पतींना उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाच्या, म्हणजे 'पार'च्या, आकड्यात मोजतात. मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 100 पुरतो. मोठ्या तोंडाच्या दगडी प्रवाळांना 100 ते 150, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या फांदीदार, नाजूक तोंडाच्या दगडी प्रवाळांना 250 ते 350 लागतो. उष्ण कटिबंधातल्या भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हाच आकडा 2000 च्या आसपास असतो, यावरून निसर्गाचे वीजबिल कोण भरते हा प्रश्न पडतो. त्याचा विचार कलम 6 मध्ये केला आहे.

येथे कायद्याची आठवण करून देणे भाग आहे. भारतात सर्व दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसले आहेत. मालवणच्या सहलीत 'नुसता तुकडा' म्हणून उचललेली वस्तू ही त्यामुळे आठवण राहत नाही, गुन्हा होतो. क्रॉफर्ड मार्केटात जो काही जीव पिशवीत बांधून मिळेल, त्याचे कागद आधी मागावेत. कागद मागताच दुकानदार पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे वळला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

तात्पर्य, कायद्यात राहणाऱ्या हौशी माणसाच्या टाकीत येऊन जाऊन मऊ प्रवाळ उरतात, आणि त्यांना थोडाच प्रकाश हवा असतो. म्हणून प्रचलित पद्धतीनुसार अ‍ॅक्रोपोरा जगेल एवढा दिवा विकत घ्यावा आणि त्याखाली छत्रीच्या आकाराचे मऊ प्रवाळ खडकाच्या सावलीत ठेवावे.

2. प्रकाश डोळ्यांनी मोजू नये

माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत चटकन दाद देतो. प्रवाळाला मात्र निळा प्रिय, कारण समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरून जातो आणि खोल जाईल तसा निळाच शिल्लक राहतो. त्यामुळे दुकानात झगझगीत वाटणारा दिवा प्रवाळाला अर्धपोटी ठेवू शकतो, आणि 'हा तर मंद आहे' म्हणून नाकारलेला निळा दिवा त्याला भाजून काढू शकतो. फोनमधले लक्स मोजणारे अ‍ॅप डोळ्याचीच नक्कल करते. या कामी ते फोनइतकेच उपयोगी आहे.

पार मोजण्याचे खरे यंत्र मिळते, पण ते आयुष्यात एकदा वापरण्यासाठी फार महाग पडते. करिता ते मित्राला घ्यायला लावावे.

3. मेटल हॅलाइड

जुन्या जाणत्यांचा दिवा. 150, 250 वा 400 वॉटचा बल्ब, सोबत जड चोक. एकाच बिंदूतून प्रकाश येत असल्याने टाकीच्या तळाशी लाटांच्या रेषा नाचतात आणि पाहणारा पाच मिनिटे वीजबिल विसरतो.

आयुर्मान : बल्ब कित्येक वर्षे पेटत राहतो, परंतु 9 ते 12 महिन्यांत त्याचा रंग सरकतो आणि जोर ओसरतो. तो फुटलेला नसतो, विझलेला नसतो, घरच्यांना तो ठणठणीत दिसतो. तरीही तो बदलावा लागतो. हे घरच्यांना पटवणे हाच या दिव्याचा खरा देखभाल-खर्च आहे.

उष्णता : दिव्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते. प्रवाळाला 24 ते 27 अंशांचे पाणी हवे. मे महिन्यातल्या मुंबईला हे मान्य नाही. त्यामुळे दिवा पाणी तापवतो, चिलर ते थंड करतो, चिलरने बाहेर टाकलेल्या उष्णतेने खोली तापते आणि खोलीसाठी एसी लावला जातो. या चक्रात सर्व यंत्रे सुखी असतात.

4. टी-5 ट्यूब

ही 16 मिलिमीटर व्यासाची, चार फुटी टाकीला 54 वॉटची ट्यूब. प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, लाटाही नाचत नाहीत. स्वभावाने ही ट्यूब बँकेतील कारकुनाप्रमाणे आहे : काम चोख, कौतुक नाही.

आयुर्मान : सर्वसाधारण टी-5 ट्यूबवर 20,000 तास वा अधिक असे छापलेले असते. रोज 8 तास धरल्यास ती सुमारे सात वर्षे चालेल. प्रवाळ पाळणारे मात्र ती वर्षाच्या आसपास बदलतात. सहा ट्यूब एकदम बदलू नयेत; एक-दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक बदलावी. एका रात्रीत प्रकाश दुप्पट झाला तर प्रवाळ कलम 1 मधील भाडेकरूविषयक तरतूद लागू करते.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती कचऱ्यात टाकू नये, फोडू तर मुळीच नये. काहीजण त्या माळ्यावर मावतील तेवढ्या ठेवतात. त्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्याव्यात.

या दिव्याला आता आणखी एक आयुर्मान लागू झाले आहे, ते राजनैतिक. युरोपीय संघाने ऑगस्ट 2023 पासून सर्वसाधारण वापराच्या टी-5 ट्यूब बाजारात आणणे बंद केले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनीही फ्लुरोसंट दिवे 2027 पर्यंत संपवायचे ठरवले आहे. ट्यूब टिकेल, दुकानात तिची बहीण मिळेल की नाही, एवढीच शंका.

5. एलईडी

निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या संशोधनाचे एक फळ म्हणून आज आपल्या टाकीशेजारी बसणाऱ्या पाहुण्याचे ओठ जांभळे दिसतात. या प्रकाशात प्रवाळ हिरवे-नारिंगी चमकते. टाकीशेजारी जेवायला बसल्यास तूप घातलेले वरणही चमकते, कारण हळदीतले कर्क्युमिन निळ्या-जांभळ्या प्रकाशात हिरवट-पिवळी आभा देते. पाहुणे घाबरल्यास शास्त्रीय कारण सांगावे आणि वाढणे चालू ठेवावे.

आयुर्मान : पेटीवर 50,000 तास. रोज 8 तासांप्रमाणे 17 वर्षे. दिवा आणला त्या वर्षी जन्मलेली मुलगी तोवर बारावीची परीक्षा देईल. मात्र हे तास डायोडचे असून, तेवढ्या काळानंतर प्रकाश मूळच्या 70 टक्क्यांवर येतो एवढाच त्याचा अर्थ. डायोड एकटा राहत नाही. त्याच्यासोबत ड्रायव्हर, पॉवर सप्लाय आणि एक लहानसा पंखा नांदतो. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, वाळतात, मिठाचे पुट चढते. त्यात किनाऱ्यावरची दमट हवा. पंखा घरघरतो, मग कण्हतो, मग थांबतो. पंखा थांबला की डायोड तापतो आणि त्याची 17 वर्षे भराभर सरतात. म्हणून दर महिन्याला पंखा पुसावा. दिव्याच्या आयुष्यासाठी करण्याजोगे हे सर्वांत स्वस्त काम आहे. त्यामुळेच ते कोणी करत नाही.

6. सूर्य

किंमत : शून्य. उर्वरित आयुर्मान : सुमारे 500 कोटी वर्षे. पंखा : नाही. कागदावर यापेक्षा उत्तम दिवा नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी सूर्यप्रकाश, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले आणि 1961 मध्ये त्यावर लेखही लिहिला.

आपल्याकडील अडचणी : पावसाळ्याचे चार महिने, समोर उभा राहिलेला टॉवर, खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हाने काचेवर वाढणारे शेवाळ, आणि सूर्याला टायमर लावता येत नाही, ही गैरसोय. शिवाय फुकटचा दिवा घेऊन हौशी मंडळींत मान मिळत नाही.

7. पाच वर्षांचा हिशेब

रोज 8 तास आणि युनिटला 12 रुपये धरले आहेत. वस्तूंच्या किमती उदाहरणादाखल असून त्या जागी आपल्या दुकानदाराचा आकडा घालावा. चोक आणि चिलर यांची वीज धरलेली नाही. ती धरल्यास मेटल हॅलाइडवाल्यांनी हा परिच्छेद वाचू नये.

मेटल हॅलाइड, 250 वॉटचे दोन : फिटिंग 40,000, चार वेळा बल्ब बदलणे, दर वेळी 12,000 प्रमाणे 48,000, वर्षाला 1,460 युनिटप्रमाणे वीज 87,600. एकूण 1,75,600 रुपये.

टी-5, 54 वॉटच्या सहा : फिटिंग 35,000, चार वेळा ट्यूब बदलणे 48,000, वर्षाला 946 युनिटप्रमाणे वीज 56,760. एकूण 1,39,760 रुपये.

एलईडी, 200 वॉट : दिवा 80,000, बदलण्याचे काही नाही, वर्षाला 584 युनिटप्रमाणे वीज 35,040. एकूण 1,15,040 रुपये.

एलईडी सर्वांत स्वस्त हे यावरून सिद्ध होते. हा कागद घरातील अर्थखात्यापुढे ठेवावा. पुढील परिच्छेद ठेवू नये.

तिसऱ्या वर्षी त्याच कंपनीचे नवे मॉडेल येते. त्यात जांभळ्या रंगाचे आणखी दोन डायोड असतात आणि ढग सरकल्याचा आभास फोनवरून निर्माण करता येतो. मऊ प्रवाळाने ढगांची मागणी कधीच केलेली नसते, तरी दिवा घेतला जातो. आणखी 80,000. एकूण 1,95,040 रुपये, म्हणजे ज्याला आपण वीजखाऊ म्हणून नाकारले त्या मेटल हॅलाइडपेक्षाही 19,440 जास्त. जुना दिवा चांगला असल्याने टाकवत नाही, आणि घेणारा त्याच नव्या मॉडेलच्या शोधात असल्याने विकला जात नाही. तो माळ्यावर जातो आणि उरलेली 14 वर्षे तेथे निर्धोक पूर्ण करतो.

म्हणून वार्षिक खर्च काढताना दिव्याची किंमत पेटीवरील वर्षांनी भागू नये. आपण यापूर्वीचा दिवा, फोन आणि मिक्सर प्रत्यक्ष किती वर्षे वापरला, त्यांची सरासरी घ्यावी आणि तिने भागावे. येणारे उत्तर सहसा अप्रिय, परंतु अचूक असते.

8. पैसे देण्यापूर्वी

दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. पंखा सुटा मिळतो का? ड्रायव्हर सुटा मिळतो का? दुरुस्ती येथे होते की दिवा समुद्रापार पाठवावा लागतो? तिन्हींचे उत्तर 'साहेब, हा बिघडतच नाही' असे आल्यास नमस्कार करून निघावे.

यानंतर पेटी उलटीसुलटी करून दोन आकडे शोधावेत. पुढच्या बाजूस मोठ्या अक्षरांत 50,000 तास असतात. आतल्या हमीपत्रावर बारीक अक्षरांत बहुधा एक वर्ष असते, म्हणजे रोज 8 तासांप्रमाणे 2,920 तास. दोन्ही आकडे एकाच कंपनीने छापलेले असतात. त्यांपैकी कोणत्या आकड्यावर कंपनीने स्वतःचे पैसे लावले आहेत, ते पाहावे आणि आपलेही त्याच हिशेबाने लावावेत.

9. अंमल

या सूचना तत्काळ अमलात येतील आणि पुढील मॉडेल बाजारात येईपर्यंत लागू राहतील.