मोडशेठ

पळस्पे फाट्यावरून निघणाऱ्या प्रत्येक गाडीला कुठंतरी जायचं असतं. कुणाला जुन्या रस्त्यानं खोपोली, कुणाला पेण-वडखळ करत थेट तळकोकण. मोडशेठ तेवढा कुठं जायचं यापेक्षा कसं जायचं, या प्रश्नापाशी थांबलेला असतो. गाडी विजेची, त्यामुळे ती चालू आहे की बंद, हे बाहेरच्याला कळत नाही. आत शेठ गोल खटका फिरवत असतो. समोरच्या पडद्यावर डोंगर येतो, वाळवंट येतं, चिखल येतो. मागचा एसटीवाला भोंगा वाजवून वाजवून थकतो. मग शेठ काच खाली करून शांतपणे सांगतो, "दादा, मोड लागतोय. जरा दम धरा."

ही कुणा एकाची हकीकत नाही. पनवेल ते पेण या पट्ट्यात हल्ली गावागणिक एक मोडशेठ सापडतो. वय चाळीस-पंचेचाळीस, पांढरा लिननचा शर्ट, मनगटात सोन्याचं कडं आणि पायात ट्रेकिंगचे बूट. ट्रेक घराच्या पायरीपासून गाडीच्या दारापर्यंतचा. कर्नाळ्याचा सुळका त्याच्या गच्चीवरून दिसतो, पण किल्ल्यावर तो शेवटचा गेला तो शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही अर्ध्यातून डबा खाऊन परतला होता.

त्याच्या आजोबांनी भात पिकवला. वडिलांनी सात-बारा सांभाळला. या भागात कुणाची जमीन सिडकोत गेली, कुणाची विमानतळात, कुणाची रस्त्यात. १९८४ च्या शेतकरी आंदोलनानंतर जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडाचा 'साडेबारा टक्के' हा हिशेब इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येऊ लागला. विमानतळवाल्यांच्या वाट्याला साडेबावीस आले. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीच्या गावांसाठी सिडकोची 'नैना' योजना आली आणि पळस्प्याच्या आसपासच्या खाचरांवर नगररचनेच्या रेघा पडल्या. घरातले बैल गेले, औत गेलं, जू माळ्यावर गेलं. दोन पिढ्यांनी चिखलातून पाय बाहेर काढायला जन्म घालवला आणि तिसरीनं हौसेनं गाडी घेतली, ती चिखलाचा मोड आहे म्हणून.

विजेच्या गाड्यांमध्ये ही मोडांची श्रीमंती आपल्याकडे अलीकडेच आली. जून २०२५ मध्ये टाटांची हॅरियर ईव्ही बाजारात आली, तिच्या चारही चाकांना जोर देणाऱ्या मॉडेलमध्ये एक मोटर पुढं, एक मागं आणि जमिनीप्रमाणे बदलायचे सहा मोड होते: नेहमीचा, बर्फ-गवताचा, चिखल-चाकोऱ्यांचा, वाळूचा, खडकाचा आणि सहावा आपल्या मनाप्रमाणे जुळवायचा, कस्टम. तेव्हापासून या जमातीला बाळसं आलं. पूर्वी शेठ लोक गाडीचं ॲव्हरेज सांगायचे. आता गाडी काय काय करू शकते ते सांगतात. ती ते करते का, हे विचारायचं नसतं.

चहाच्या टपरीवर मोडशेठचा वर्ग भरतो. विषय नीट अभ्यासलेला असतो, हे मान्य करायला हवं. "डिझेलचं इंजिन आधी फिरायला लागतं, मग जोर येतो. विजेची मोटर जागच्या जागी पूर्ण जोर लावते. त्यामुळे आपल्याला अर्धा गिअर नको, क्लच जाळायला नको. मोड म्हणजे काय? मोटर तीच, पाय तोच. त्या पायाचं किती ऐकायचं, ते कॉम्प्युटर ठरवतो. बर्फात तो तुमचं कमी ऐकतो, चाक घसरूच देत नाही. वाळूत नि चिखलात मुद्दाम थोडं फिरू देतो, म्हणजे टायरच्या खाचांतला गाळ उडून जातो आणि गाडीची चाल तुटत नाही. खडकावर तुम्ही पाय कितीही दाबा, गाडी मुंगीच्या पावलांनीच जाणार."

टपरीवाला ग्लास विसळता विसळता म्हणतो, "म्हणजे शेठ, आपलं न ऐकणारं एक एवढे लाख मोजून आणलंत. घरात दोन पोरं आहेत ती कमी पडली?"

प्रत्येक मोड वापरून पाहायची शेठची जिद्द आहे. बर्फाचा मोड ही मोठीच अडचण होती. पनवेलमध्ये बर्फ पडतो तो मच्छी मार्केटात, पापलेटच्या खाली. खरं तर हा मोड पहिल्या पावसात, ऑइल सांडलेल्या ओल्या काँक्रीटवर कामाचा. शेठने तो मार्चच्या उन्हात लावला आणि एसी जास्त गार झाला, असं आजही शपथेवर सांगतो.

वाळूच्या मोडासाठी अलिबागची बाजू आहे. किनाऱ्यावर गाड्या उतरवू नका, असं प्रशासन कानीकपाळी ओरडत असतं आणि भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाडीचे फोटोही नेमाने छापून येत असतात. २०२४ सरता सरता रेवदंड्याच्या वाळूत चक्क एक फेरारी रुतली आणि ती बैलगाडीला बांधून ओढून काढावी लागली. त्याचा व्हिडिओ शेठने स्वतः शंभर जणांना पाठवला, खाली लिहून: 'सँड मोड नसल्याचा परिणाम.' वाळूत शिरायचं तर आधी टायरमधली हवा बरीच उतरवायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पण ते काम वाकून, हातानं, चार वेळा करावं लागतं. पडद्यावर त्याचं चित्र नाही, म्हणून शेठच्या लेखी ते तंत्रज्ञानात मोडत नाही.

त्याचं खरं दुःख रस्ता सुधारल्याचं आहे. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये निघालं आणि पुढं वर्षानुवर्षं चाललं. त्या काळात इथं चिखल होता, खडी होती, चाकोऱ्या होत्या आणि पुलाच्या जागी वळसा होता. मांडीवर गणपतीची मूर्ती घेऊन अल्टोतून माणगाव गाठणाऱ्या चाकरमान्यानं जे केलं, त्याला परदेशात ऑफ-रोडिंग म्हणतात आणि त्यासाठी लोक फी भरतात. त्या बिचाऱ्याकडे एकच मोड होता, 'बाप्पा मोरया'. आता बऱ्याच ठिकाणी काँक्रीट झालं आणि नेमकी तेव्हाच शेठची गाडी आली. "खड्डे होते तेव्हा मारुती होती," तो खिन्नपणे म्हणतो.

तरी त्याचा जीव खरा अडकलाय पिकपात. म्हणजे मागं उघडा हौदा असलेल्या इलेक्ट्रिक ट्रकात. न्यू जर्सीतला भाचा त्याला व्हिडिओ पाठवतो. अमेरिकेत रिव्हियनचा आर-वन-टी २०२१ पासून रस्त्यावर आहे, त्याच्या चार मोटरींच्या मॉडेलमध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. वजन तीन टनांवर. हमर ईव्ही तर चार टनांची आणि तिची चारही चाकं एका बाजूला वळून ती तिरपी सरकते. कंपनीनंच त्या मोडाला खेकड्याचं नाव दिलंय. शेठने तो व्हिडिओ आईला दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "आपल्याकडं तिरप्या चालणाऱ्या चिंबोऱ्येचा रस्सा करतात, बाला. तिच्यान बसत नाय."

गंमत अशी, की इलेक्ट्रिक पिकप पळस्प्यात केव्हाच आलाय. फक्त शेठला तो दिसत नाही. २०२२ मध्ये टाटांनी 'छोटा हत्ती' विजेवर आणला. तेव्हापासून असे लहान मालवाहू टेम्पो पाण्याचे जार, अंड्यांचे ट्रे नि टाइल्सची खोकी घेऊन बिनआवाजाचे फिरताहेत. नव्या इमारतींच्या साइटवर जिथं रस्ता अजून नकाशातच आहे, तिथं भर पावसात ते पोचतात. असल्या एका चालकाला शेठने आपुलकीनं विचारलं, "तू कुठल्या मोडवर चालवतोस?" तो म्हणाला, "शेठ, आपले दोनच. भरलेली नि रिकामी." शेठला त्याची कीव आली. चालकाला उशीर झाला होता, तो निघून गेला.

मोडशेठमध्ये नुसता डौल आहे असं मात्र नाही. विजेच्या गाडीनं त्याचं एक मोठं नुकसान केलं, ते त्यानं निमूट सोसलं. पूर्वीच्या डिझेल गाडीचा सायलेन्सर वळणावरूनच शेठ आल्याची वर्दी द्यायचा. आता तो येतो ते कुत्र्यांनाही कळत नाही. दुसरीकडे या गाडीतून वीज बाहेर घेता येते. गावच्या टेनिस क्रिकेटच्या सामन्यात ऐन अंतिम षटकात लाइट गेली, तेव्हा शेठने गाडी मैदानाच्या कडेला लावली, वायर ओढली आणि स्पीकर बोलू लागला. समालोचकानं त्याचं नाव माइकवरून घेतलं. पडद्यावर या कामासाठी डोंगर नव्हता, वाळवंट नव्हतं. पण त्या रात्री गावाला पहिल्यांदा वाटलं, की एवढे पैसे अगदीच वाया गेले नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला, तेव्हा शेठने सगळ्या आत्यांना आळीपाळीनं मुंबई दाखवून आणली. टोलाचे अडीचशे वाचवून दर खेपेला दोन हजारांचं जेवण घातलं.

चिखलाच्या मोडाची परीक्षा मात्र राहिली होती. गेल्या पावसाळ्यात शेठने ती घरच्या उरलेल्या अर्ध्या एकरात घ्यायचं ठरवलं. बांध फोडला, ड्रोनवाला पोरगा बोलावला आणि गाडी खाचरात उतरवली. सुरुवात झकास झाली. कॉम्प्युटर चाकं फिरू देत होता, गाळ उडत होता, गाडी डुलत पुढं जात होती. खाचराच्या बरोबर मध्यावर ड्रोनवाल्यानं हात केला, "शेठ, थांबा, एक क्लोजअप." शेठ थांबला. दोन टनांवरची गाडी हळूहळू खाली बसली. मग त्यानं चिखल लावला, वाळू लावली, खडक लावला, एकदा बर्फही लावून पाहिला. प्रत्येक मोडानं आपापल्या परीनं तिला आणखी चार बोटं खाली नेलं.

बांधावर आई छत्री घेऊन उभी होती. "चिखलान औत उभं करत नाय कधी," ती म्हणाली. "तुझा बाप बैलांना पाणी पाजायचा तो बांधावर येऊन." गाडीच्या माहितीपुस्तकात हेच शहाणपण जरा लांबवून, चाल तुटू न देण्याविषयी सांगितलं होतं. पण ते पुस्तक प्लास्टिकमधून बाहेर निघालं नव्हतं.

शेजारचा ट्रॅक्टर आला. दोर लागला. तासभर ओढाताण झाली, ट्रॅक्टर पुढं-मागं फिरला, गाडीची चाकं जागच्या जागी गरगरली. गाडी बाहेर आली तेव्हा अर्धा एकर लोण्यासारखा झाला होता. इतक्या वर्षांत तिथं इतकी उत्तम चिखलणी झाली नव्हती. आईनं पायानं चिखल दाबून पाहिला आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "तुमच्या राबान रोपं उरलीत ना? पाठवा दोन बाया. एवढं केलंय त लावून टाकू."

शेठ अजून सीटवरच बसून होता. त्यानं सवयीनं खटका फिरवला, सहाही चित्रं पुन्हा एकदा पाहिली आणि काच खाली केली.

"आये, लावणीचा मोड नाय गो यात."

"मग उतर खाली," आई म्हणाली.