काकाजींचा पाहणी दौरा

आमचे काकाजी जगात कुठेही गेले तरी नागपूर सोडत नाहीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी ते फिरायला म्हणून कुठे जात नाहीत, पाहणीला जातात. शर्टाच्या खिशात पेन आणि डायरी, पँटच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवायची आमच्याकडे रीतच आहे. मे २०२४ मध्ये त्यांच्या मुलीने आम्हाला व्हेनिसला नेलं, तेव्हा कांदाही आला. तिथे पारा बावीसवर. काकाजींनी स्वेटर चढवलं, पण कांदा काढला नाही. म्हणाले, "मे महिना आहे. भरवसा नाही."

सामानात संत्रा बर्फीचा एक डबाही होता. काकूंनी तो दोनदा उघडायला घेतला, दोनदा हातातून काढून घेतला गेला.

"राहू दे. तिकडे आपलं कोणी भेटलं तर द्यायला होते."

"इटलीत कोण भेटणार आहे आपलं?"

"नागपूरचा माणूस कुठंही भेटते."

मुक्काम अलीकडे मेस्त्रे गावात होता. तिथून बसने व्हेनिसच्या तोंडाशी जायचं आणि पुढे वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची सिटी बस. ग्रँड कॅनालमध्ये बोट शिरली. दोन्ही काठांवर जुने महाल, काकू नुसत्या "अगंबाई" करताहेत आणि काकाजी पाण्याकडे रोखून पाहताहेत.

"हा कालवा नाही," त्यांनी निकाल दिला. "कालव्याले उतार लागतो. हे तर समुद्राचं पाणी घरात घेऊन बसले."

मुलीने माहिती दिली : एकूण ११८ बेटं, चिखलात लाकडी खांब ठोकून त्यांवर उभी केलेली घरं, चारशेहून जास्त पूल. काकाजींनी डायरीत लिहून घेतलं आणि विचारलं, "अन् या मोठ्या कालव्यावर?"

"चार. त्यातला रिआल्तोचा १५९१ सालचा."

"पावणेचार किलोमीटरवर चारच? कमी पडतात." शेरा लिहिला गेला. आता तो कोणाला सादर करणार, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

खरा प्रसंग गोंडोल्याच्या धक्क्यावर उभा राहिला. अर्ध्या तासाचे नव्वद युरो. काकाजींनी नव्वदला नव्वदने गुणलं आणि खाली बसले. उठले ते बर्डीवरचं गिऱ्हाईक होऊन. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात भाव करायची पद्धत ठरलेली आहे : अर्धी किंमत सांगायची, दुकानदार नाही म्हणाला की पाठ फिरवायची आणि तीन पावलं चालायची. तिसऱ्या पावलाला मागून हाक येतेच. काकाजींनी पंचेचाळीस सांगितले. पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधला नावाडी हसला. काकाजींनी पाठ फिरवली. एक, दोन, तीन. हाक नाही. चौथं पाऊल टाकायचं तर पुढे पाणी होतं. तिथेच उभं राहून त्यांनी समोरचं चर्च पाहत असल्याचा आव आणला.

पण पाटबंधाऱ्यातला माणूस, वाट काढतोच. थोडं पुढे गेल्यावर त्यांना दिसलं, की काही गोंडोले लोकांना या काठावरून त्या काठावर नुसते सोडतात. त्याला त्रागेत्तो म्हणतात. भाडं दोन युरो, वेळ दोन-तीन मिनिटं. काकाजी आम्हाला घेऊन पलीकडे गेले, गल्लीतून चक्कर मारली, परत अलीकडे आले. "झाला गोंडोला. चार युरोत. येणं-जाणं."

दुसऱ्या दिवशी बेटं. मुरानोला काचेची भट्टी. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसच्या सरकारने काचेच्या साऱ्या भट्ट्या शहरातून हलवून या बेटावर आणवल्या. कारागिराने नळीच्या टोकावर लालभडक गोळा काढला आणि फुंकर घातली. धग अंगावर आली तसे सगळे प्रवासी दोन पावलं मागे सरले. काकाजी दोन पावलं पुढे. स्वेटर काढून हातावर घेतलं, डोळे मिटले. "आता कुठं मे महिना वाटून राहिला."

बुरानोला घरं एकाहून एक भडक रंगाची, आणि घराचा रंग बदलायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. हे कळल्यावर काकाजींना ते गाव एकदम आवडलं. काकूंनी हातविणीच्या लेसच्या रुमालाची किंमत विचारली आणि रुमाल होता तसा घडी करून ठेवला. "आईनं टीव्हीवर घालायले क्रोशाचा केला होता," त्या म्हणाल्या, "चोवीस वर्षं पायपुसणं केलं मी त्याचं."

शेवटच्या दिवशी सान मार्को चौकाच्या मागच्या गल्लीत मुखवट्यांच्या एका दुकानात शिरलो. काकाजी मुखवटे पाहतच नव्हते. दाराच्या चौकटीला खाली दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा होत्या, फळी सरकवून बसवायच्या. त्यांवर ते बोट फिरवत होते. भिंतीवर कमरेच्या थोडं खाली पेनने ओढलेली रेघ आणि तारीख : १२ नोव्हेंबर २०१९. त्या रात्री भरतीचं पाणी मापाच्या शून्यापासून १८७ सेंटिमीटर चढलं होतं. त्याहून वर एकदाच, १९६६ मध्ये, १९४. आता समुद्राच्या तोंडाशी ७८ दारं बसवली आहेत, असं मुलीने सांगितलं. काम २००३ मध्ये सुरू झालं, दारं पहिल्यांदा कामी आली २०२० मध्ये.

"सतरा वर्षं," काकाजी म्हणाले. आमच्याकडच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. एरवी यावर तासभर बोलले असते. पण गप्प होते.

म्हातारा दुकानदार उठून आला. त्याने रेघेवर हात ठेवला, मग तळहात आडवा धरून आपल्या मांडीला लावला. काकाजींनी तळहात आडवा धरला आणि छातीला लावला. मग बोटांनी दाखवलं : फ्रिज, असा, आडवा, तरंगत.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. काकाजींचं घर त्याच बाजूला. त्यांच्या गल्लीतही बोट आली होती. जन्मभर पाण्याचा हिशेब ठेवलेला माणूस त्या दिवसाबद्दल आमच्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता. इथे मराठीचा एक शब्द न येणाऱ्या माणसाला सगळं सांगत होता. फ्रिज झाला, गादी झाली, काकूंच्या लोणच्याच्या बरण्या झाल्या. दुकानदार मान हलवत होता.

मग काकाजींनी पिशवीतून बर्फीचा डबा काढला, काउंटरवर ठेवला आणि काही न घेता निघाले.

एक पाऊल, दोन, तीन.

मागून हाक आली. दुकानदार दारात उभा, एका हातात बर्फीचा तुकडा, दुसऱ्या हाताने बोलावत होता.

काकाजी आमच्याकडे वळले. "पाहिलं? तिसऱ्या पावलाले बोलावतेच."