काळ्या लेकी, उजळ लेक

मूल जन्माला आलं की बारशाच्या आधीच नातेवाईक त्याची वाटणी करून मोकळे होतात. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, आणि रंग (इथे आवाज जरा खाली येतो) रंग तिकडच्यांचा. कोंबड्यांत बारशाची पद्धत नाही हे बरं आहे. नाहीतर एका खुडूक कोंबडीखाली निघालेल्या दहा-बारा पिल्लांची वाटणी करता करता पाहुण्यांचा घसा बसला असता.

वाईजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याने मध्यंतरी आठवडी बाजारातून एक कडकनाथ कोंबडा आणला. विकणाऱ्याने त्याची चोच उघडून जीभ दाखवली, पंखाखालची पिसं फुंकून कातडी दाखवली. तुऱ्यापासून नखापर्यंत सगळं काळं. आत्याच्या कोंबड्या मात्र गावरान, पिवळ्या पायांच्या. अंडी बसवली, एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली, आणि शेजारच्या तात्यांनी डालग्यात डोकावून निकाल दिला, "आक्का, तुमास्नी गंडवलंय बघा. कोंबडा अस्सल न्हाई."

"आवं, निम्मी पिल्लं तर कोळशागत हायती की."

"मग ऱ्हायलेली निम्मी त्या जुन्या तांबड्याची."

जुना तांबडा पाहुणचारात कामी आला होता. तरी तात्यांचा संशय अगदीच वेडा नव्हता. कोंबडी नराचं बीज आपल्या पोटात दोन-तीन आठवडे सांभाळून ठेवते, त्यामुळे पातेल्यात गेलेला कोंबडाही पुढे काही दिवस बाप होत राहतो. पण इथे तांबड्यावर आळ घेण्याचं कारण नव्हतं. पिल्लं मोठी झाली, तुरे फुटले, तेव्हा दिसलं की काळ्या निघाल्या त्या सगळ्या तलंगा, आणि नर तेवढे राखाडी, धुरकट, मळकट.

हा प्रकार पूर्वी झालेला आहे, आणि तोही केंब्रिजला. बेटसन आणि पनेट या दोन जनुकशास्त्रज्ञांनी सिल्की जातीच्या काळ्या कातडीच्या कोंबड्यांचा तपकिरी लेगहॉर्नशी संकर केला आणि 1911 मध्ये त्यावर लिहिलं. कोंबडा सिल्की आणि कोंबडी लेगहॉर्न असली की लेकी काळ्या, लेक उजळ. तेच उलटं केलं, कोंबडी सिल्की घेतली, की सगळीच पिल्लं उजळ.

कारण असं. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. नराकडे 'झेड' गुणसूत्रं दोन, मादीकडे एकच, जोडीला 'डब्ल्यू'. म्हणजे लेकीला तिचं एकुलतं झेड बापाकडून येतं. आईचं झेड जातं ते फक्त लेकाला. आता कातडीच्या आतल्या थरात काळा रंग उतरू न देणारं एक जनुक याच झेडवर असतं. पिवळ्या पायांच्या गावरान कोंबडीकडे ते असतं, कडकनाथाकडे नसतं. आईने हा अटकाव लेकांच्या पदरात टाकला आणि लेकींना बापाच्या हवाली केलं. काळेपणा आणणारं जनुक वेगळं. ते झेडवर नाही आणि त्याची बापाकडून आलेली एकच प्रत पुरते. ते लेकालाही मिळतं, लेकीलाही. पण लेकाच्या दारात आईने राखणदार बसवून ठेवलेला असतो.

हे काळेपण कुठून आलं तेही मजेदार आहे. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा कधीतरी चुकून दोनदा उतरला गेला. त्या तुकड्यात रंगपेशींना 'वाढा' असं सांगणारं जनुक होतं. आज्ञा दुप्पट झाली आणि पेशी सुटल्या त्या कातडीवर न थांबता मांस, हाडांवरचं आवरण, आतडी असं सगळीकडे पसरल्या. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम सेमानी आणि आपला झाबुआचा कडकनाथ, तिघांतही गडबड हीच. झाबुआकडे त्याला 'कालीमासी' म्हणतात आणि 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लग्नाच्या जाहिरातींत गोरेपणाला जो भाव असतो तो इथे काळेपणाला आहे, एवढाच काय तो न्याय.

पिसांचा हिशोब मात्र कातडीशी बांधलेला नाही. अस्सल कडकनाथातही सोनेरी पिसांचे पक्षी असतात, आणि गावात काळ्याभोर पिसांची कोंबडी सोलली की आत गोरीपान निघते. पांढऱ्या लेगहॉर्नचा तर कावाच वेगळा. तिच्यात काळ्या-तांबड्याची तयारी असते, वरून पांढऱ्याचं झाकणारं जनुक बसलेलं असतं. रंगीत कोंबडीशी जोडा जमवला की पिल्लं बहुतेक पांढरीच येतात, फक्त एखाद्या पिसावर काळा ठिपका उडालेला. उलट्या पिसांची कोंबडीही घ्या, जिच्यावर गावोगावच्या उताऱ्यांचा डोळा असतो. उलटेपणाची एक मात्रा असली तर पिसं ऐटीत वळतात. आईबाप दोघांकडून आली तर पिसं ठिसूळ होऊन झडतात आणि कोंबडी जवळजवळ उघडी पडते.

पायांचा रंग दोन थरांत ठरतो, वरचा आणि आतला. वर पिवळा आणि आत काही नाही, तर पाय पिवळे. वर पांढरा, आत काळा, तर निळसर पाटीसारखे. आणि वर पिवळा, आत काळा असेल तर पाय चक्क हिरवट! आमच्याकडे हिरव्या पायांच्या कोंबडीविषयी बरंच काही बोललं जातं, पण तिचा दोष एवढाच की तिने दोन्ही बाजूंचा मान राखला.

या पिवळ्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती घरची आहे. पाळीव कोंबडी एकट्या तांबड्या रानकोंबड्यापासून आली असं डार्विनचं मत होतं. 2008 मध्ये संशोधकांनी पिवळ्या कातडीचं जनुक तपासलं, तर ते तांबड्याकडचं निघेना. ते जुळलं करड्या रानकोंबड्याशी, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो त्याच्याशी. मक्यातला, झेंडूतला पिवळा रंग कातडीत पोचला की तिथे तो तोडून टाकणारं एक विकर असतं. पिवळ्या कोंबडीच्या कातडीत ते काम करत नाही, म्हणून रंग साठतो. हा गुण आईबाप दोघांकडून यावा लागतो. कधीकाळी रानातून कुणीतरी गावात घुसून संबंध जोडला आणि आज जगभरच्या पिवळ्या कातडीच्या ब्रॉयलरांच्या अंगावर त्याची सही आहे. आपण दुकानात उभे राहून "स्किन काढून द्या" म्हणतो आणि ती सही बादलीत जाते.

आत्याच्या काळ्या तलंगांना गिऱ्हाईक लगेच आलं. तिने आधीच सांगितलं, "बाप कडकनाथ, आई गावरान. ह्यांच्याच भावांत सोडल्यास तर चारातलं एखादं पिल्लू गोऱ्या मासाचं निघंल, मग माज्या दारात भांडाय येऊ नगंस." एवढा मेंडेल तिला कुणी शिकवला नव्हता. दोन झोल उबवून ती स्वतःच तिथवर पोचली होती. गिऱ्हाइकाने मान डोलावली, एकेकीची जीभ तपासली, पैसे मोजता मोजता थांबून विचारलं, "अंडी काळी देतील न्हवं?"

आत्याने शिंकाळ्यातलं एक अंडं काढून त्याच्या हातावर ठेवलं. फिकट बदामी. त्याने ते उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं.

"मग जोडीमागं पन्नास कमी करा," तो म्हणाला.