चौदावे न्यायमूर्ती

नागपुरात संध्याकाळी कुठं ना कुठं व्याख्यान असतंच. सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघ आहे, शंकरनगरला साई सभागृह आहे, सिव्हिल लाइन्सला चिटणवीस सेंटर आहे. शिवाय अमरावती रोडवरचं १९२५ सालचं विधी महाविद्यालय आहे, ज्याच्यामुळं तिथल्या चौकाला लॉ कॉलेज चौक म्हणतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर शहरातल्या कार्यक्रमांची बारीक अक्षरांतली चौकट येते आणि तिच्या शेवटी 'सर्वांना प्रवेश खुला' असं छापलेलं असतं. निरोप घेताना 'या एकदा घरी' म्हणतात, त्याच जातीचं हे वाक्य. कोणी मनावर घेत नाही. रामदासपेठेतले भाऊसाहेब मात्र घेतात. ती चौकट ते ब्लेडनं कापतात, डायरीत चिकटवतात आणि साडेपाचला स्कूटर काढतात.

भाऊसाहेबांचं घर सेंट्रल बाजार रोडच्या मागच्या गल्लीत. वडिलांनी स्वस्ताईत प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला अंगणाचे बंगले होते. आता दोन फाटकं सोडली की तिसऱ्यावर डॉक्टरांची पाटी, मध्ये औषधांची दुकानं, पॅथॉलॉजी लॅब आणि रस्त्यावर दुहेरी लावलेल्या गाड्या. रामदासपेठेत येणारा माणूस काहीतरी दुखतं म्हणून येतो. भाऊसाहेब दुखतं म्हणून बाहेर पडतात, कारण त्यांचं जे दुखतं ते राज्यघटनेत दुखतं आणि त्याचा स्पेशालिस्ट पेठेत नाही.

महसूल खात्यातून ते नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. नोकरी सांभाळून एलएलबी केलं, पण सरकारी नोकर म्हणून सनद घेता आली नाही. निवृत्तीनंतर घेता आली असती, तर 'मे महिन्यात ४५ डिग्रीत काळा कोट कोण घालील जी?' असं म्हणून तीही राहिली. त्यामुळं आयुष्यभर शिल्लक पडलेला युक्तिवाद ते आता श्रोत्यांच्या खुर्चीतून करतात.

ही खुर्ची ठरलेली आहे. पहिली रांग मान्यवरांची, दुसरी स्वतःला मान्यवर समजणाऱ्यांची. भाऊसाहेब तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसतात. तिथून माइक सर्वांत जवळ पडतो. मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात घटनेचं बेअर ॲक्ट, एसीसाठी मफलर, पाण्याची बाटली आणि जुन्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते मुद्दे टिपतात. वक्ता पाहुण्यांची नावं घेत असतो तेव्हाच त्यांचे चार मुद्दे झालेले असतात.

विधी महाविद्यालयातली मुलं त्यांना 'चौदावे न्यायमूर्ती' म्हणतात. त्याचं मूळ केशवानंद भारती खटल्यात आहे. हा खटला सर्वोच्च न्यायालयात ६८ दिवस चालला. १३ न्यायमूर्तींचं पीठ बसलं, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ अशा मतांनी ठरलं की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मुलांमध्ये एक गट म्हणतो, भाऊसाहेब पीठावर असते तर सात-सात झाले असते आणि देश अधांतरी राहिला असता. दुसरा गट म्हणतो, तसं काही झालं नसतं, कारण त्यांचं मत अजून वाचून व्हायचं असतं.

व्याख्यानाचा विषय कोणताही असो, भाऊसाहेबांचा मुक्काम तोच. एकदा विषय होता 'सायबर गुन्हे आणि तरुणाई'. भाऊसाहेब ओटीपीवरून निघाले, तिथून खासगीपणाच्या हक्कावर आले, तिथून २०१७ च्या पुट्टस्वामी निकालावर, आणि तीन मिनिटांत १९७३ ला पोचले. ग्राहक संरक्षणावरच्या कार्यक्रमात त्यांना प्रेशर कुकरच्या शिट्टीपासून सुरुवात करावी लागली. त्या दिवशी मात्र पाच मिनिटं लागली.

माइक हातात आला की त्यांचं पहिलं वाक्य असतं, 'माझा प्रश्न अगदी छोटा आहे.' हे ऐकताच मागच्या रांगांतली मुलं पाय पसरतात. प्रश्नाचे तीन भाग असतात. 'अ' मध्ये वक्त्याचं अभिनंदन आणि त्याच्याकडून राहून गेलेल्या गोष्टींची यादी. 'ब' मध्ये १९६७ चा गोलकनाथ खटला. 'क' मध्ये केशवानंद. या सगळ्यात प्रश्नचिन्ह कुठं येतं हे अद्याप कोणाला सापडलेलं नाही. शेवटी 'यावर आपण प्रकाश टाकावा' असं म्हणून ते बसतात. वक्ता बिचारा टॉर्च कुठं मारायचा हे शोधत राहतो.

वक्ता पुण्या-मुंबईचा असला आणि 'नागपूरसारख्या ठिकाणीही एवढे जाणकार श्रोते' असं काही बोलून गेला, तर 'अ' लांबतो. मग भाऊसाहेब सांगतात की नागपूरला १९३६ पासून स्वतःचं हायकोर्ट होतं. व्हिव्हियन बोस इथल्या लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, पुढं ते सर्वोच्च न्यायालयात गेले. हिदायतुल्ला याच कॉलेजात शिकवत, नंतर सरन्यायाधीश झाले आणि १९६९ मध्ये त्या पदावर असतानाच महिनाभर कार्यवाहक राष्ट्रपतीही होते. ४७ वे सरन्यायाधीश शरद बोबडे इथंच शिकले. ५२ वे भूषण गवई यांनी इथल्याच खंडपीठात वकिली केली. '१९५६ ला आमचं हायकोर्ट गेलं अन् खंडपीठ उरलं,' हे ते अशा आवाजात सांगतात की वक्त्याला वाटावं, ते आपणच नेलं.

आयोजकांनी उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. एका वर्षी 'प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत' अशी सूचना निघाली. भाऊसाहेबांची चिठ्ठी आठ पानांची होती आणि तिला पुरवणी जोडलेली होती. मग ठरलं की माइक श्रोत्याच्या हाती द्यायचा नाही, विद्यार्थिनीनं धरून उभं राहायचं. 'ब' संपेपर्यंत त्या मुलीचा हात भरून आला. पुढच्या वर्षी त्या कामाला दोन मुली नेमल्या. शेवटी एका चलाख सूत्रसंचालकानं भाषण संपताक्षणी 'वेळेअभावी' म्हटलं आणि आभाराऐवजी थेट राष्ट्रगीत सुरू केलं. भाऊसाहेब ताठ सावधान उभे राहिले. राष्ट्रगीत संपलं. सगळे अजून उभेच होते, तेवढ्यात आवाज आला, 'तर मी म्हणत होतो...'

२०२० मध्ये व्याख्यानं ऑनलाइन झाली आणि आयोजकांना पहिल्यांदा म्यूटचं बटण मिळालं. एका संध्याकाळी सभा संपली, पडद्यावरचे सारे निघून गेले, भाऊसाहेब आपले बोलतच होते. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'आज बरं झालं, कोणी टोकलं नाही.' वहिनींची स्वतःची तक्रार वेगळी आहे: 'घरी गॅस बुक केला का विचारलं तर उत्तर नाही देत. अन् तिकडं जाऊन जगाला प्रश्न विचारून राहिले.'

नव्या कायद्यांनी त्यांना थोडं दुःख दिलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि १८६० च्या दंडसंहितेची कलमं हलली. खुनाचं ३०२ हे १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. भाऊसाहेबांनी नवं पुस्तक आणून महिन्याभरात पाठ केलं. तरी त्यांचं म्हणणं, 'राजेहो, कोणाला चारशेवीस म्हटलं तर तो अंगावर येतो. तीनशे अठरा म्हणून पाहा. तो विचारतो, फ्लॅट नंबर का?'

ते चहापाण्यासाठी येतात असं म्हणणारेही आहेत. हे खोटं आहे. बाहेर आलुबोंडे संपत असतात तेव्हा भाऊसाहेब व्यासपीठापाशी वक्त्याची बाही धरून 'ड' सांगत असतात.

शिवाय एक गोष्ट त्यांच्या बाजूनं बोलली पाहिजे. बार कौन्सिलच्या नियमानं विधी शाखेच्या विद्यार्थ्याला ७० टक्के हजेरी लागते, आणि हजेरीपट सभागृहाच्या दारात ठेवला की व्याख्यानाला गर्दी होते. मुलं सहीसाठी येतात, प्राध्यापक मुलं पळू नयेत म्हणून, प्राचार्य पाहुण्यांसाठी, पाहुणे शाल-श्रीफळासाठी आणि फोटोग्राफर बिलासाठी. विषयासाठी आलेला माणूस एकच, आणि सगळे त्याच्याच उठण्याची धास्ती घेऊन बसलेले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. म्हणून ९ नोव्हेंबरच्या सुमारास विधी महाविद्यालयं खेड्यांत कायदेविषयक शिबिरं घेतात. अशाच एका शिबिराची बस हिंगणा तालुक्यातल्या एका गावी निघाली, तेव्हा पुढच्या सीटवर भाऊसाहेब पिशवीसह बसलेले होते. त्यांना कोणी बोलावलं होतं, हे प्राध्यापक एकमेकांना विचारत राहिले.

देवळाच्या सभामंडपात बॅनर लागलं. मुलांनी दारूबंदीवर पथनाट्य केलं. ते पाहायला दारू पिणारे सोडून सारा गाव आला. मग घटनेच्या कलम ३९-अ वर भाषण झालं, महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो हे सांगून झालं, आणि टेबलं मांडून सल्ला सुरू झाला. एक बाई पुढं आल्या. 'माह्या मालकाले जाऊन दोन वर्सं झाले. सातबाऱ्यावर नाव चढूनच नाही राह्यलं जी.'

टेबलामागच्या विद्यार्थ्यानं त्यांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम ८ आणि वर्ग एकचे वारस समजावले. त्यात एकही चूक नव्हती. बाई नम्रपणे ऐकत होत्या आणि मध्येच पोराच्या शर्टाचं बटण लावत होत्या.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. 'ताई, मृत्यूचा दाखला आणला? लेकरं किती? सासू आहे? त्यांचंही नाव टाका, नाहीतर उद्या हरकत येईल.' मग ते त्या विद्यार्थ्याला म्हणाले, 'लिही. अर्ज तलाठ्याकडं. तो आधी वारस रजिस्टरला घेईल, गाव नमुना ६-क. मग फेरफार पडेल, नोटीस निघेल, पंधरा दिवस हरकतीला. नंतर मंडळ अधिकारी प्रमाणित करेल, तेव्हा सातबारा फिरतो. अन् ताई, अर्ज दिला की पोच घ्यायची. शिक्का मारलेली. ती हाती आल्याशिवाय तिथून उठायचं नाही.'

अर्ज सात ओळींचा झाला. अ नाही, ब नाही, क नाही. भाऊसाहेबांना सात ओळींत थांबता येतं, हे मुलांनी त्या दिवशी पाहिलं आणि दोघांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

'फी किती द्याची जी?' बाईंनी विचारलं.

'फी नाही. फक्त पाच मिनिटं बसा,' भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी केशवानंद सुरू केला. मुलांनी डोक्याला हात लावला. पण बाई ऐकत होत्या. केरळात कासरगोडजवळ एडनीर मठ, त्याचे स्वामी केशवानंद भारती. सरकारनं जमीन सुधारणा कायदा आणला, मठाची जमीन जाऊ लागली, म्हणून स्वामी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथं नानी पालखीवाला उभे राहिले, ६८ दिवस चालले, १३ न्यायमूर्ती बसले. भाऊसाहेबांचं 'ब' आणि 'क' प्रथमच कोणी न टोकता पुरं होत होतं. मूलभूत चौकट वाचली, इथं येऊन ते थांबले.

बाईंनी विचारलं, 'मंग त्या महाराजाले वावर वापस भेटलं का जी?'

भाऊसाहेबांनी बेअर ॲक्ट उघडलं आणि मिटलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. केरळचे ते जमीन कायदे २९ व्या घटनादुरुस्तीनं नवव्या परिशिष्टात गेले होते, आणि ती दुरुस्ती त्याच निकालात कायम राहिली. मठाला जमीन मिळाली नाही. स्वामी २०२० मध्ये गेले. इतक्या वर्षांत भाऊसाहेबांनी चौकटीवर शंभर वेळा प्रकाश मागितला होता, वावराचा विषय एकदाही निघाला नव्हता.

'नाही भेटलं, ताई.'

'मंग जिंकलं कोण?'

बाई उत्तराला थांबल्या नाहीत. त्यांना तलाठी कार्यालय बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

२६ नोव्हेंबरला संविधान दिन आला. महाविद्यालयाचं सभागृह भरलं, उद्देशिकेचं सामूहिक वाचन झालं, दिल्लीहून आलेल्या ज्येष्ठ वकिलांचं मूलभूत चौकटीवर व्याख्यान झालं. प्रश्नांची वेळ आली. तिसऱ्या रांगेतून हात वर गेला. माइकवाल्या दोन्ही मुली निघाल्या, सूत्रसंचालकानं राष्ट्रगीताच्या बटणावर बोट ठेवलं.

'केशवानंद खटल्यात जिंकलं कोण?' भाऊसाहेब म्हणाले आणि खाली बसले.

सभागृहाला काही सुचेना. मुलगी माइक धरून उभीच राहिली. वक्त्यांनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा सारखा केला आणि हसून म्हणाले, 'प्रश्न छोटा आहे, पण त्याच्या उत्तराचे तीन भाग पडतात.' पहिल्या भागात त्यांनी प्रश्नकर्त्याचं अभिनंदन केलं. दुसऱ्यात गोलकनाथ आला. तिसरा सुरू झाला तेव्हा बाहेर आलुबोंडे गार होत होते आणि भाऊसाहेब घड्याळ पाहत होते. शेवटी सूत्रसंचालकानं बटण दाबलं. सगळे उठले. राष्ट्रगीत संपलं, आणि वक्ते म्हणाले, 'तर मी म्हणत होतो...'