जांघेतली खाज आणि मेडिकलमधली ट्यूब

खाजेसाठी रजा मिळत नाही. ताप आला तर ऑफिसात सांगता येतं, पाठ धरली तर चार माणसं विचारपूस करतात. पण जांघेत खाज सुटलीय म्हणून आज येत नाही, असं कुणी साहेबाला कळवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माणूस दिवसभर खुर्चीत चुळबुळतो, रात्री रक्त येईपर्यंत खाजवतो आणि घरातही बोलत नाही. अंगाला लागलेल्या या त्रासाला कुणी आजार मानत नाही, ही माझी पहिली तक्रार.

आमच्या उरणजवळच्या द्रोणागिरीत खाजेचं खापर फोडायला जागा पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं, हेटवणे धरणाचं पाणी बाधतं. कुणी कंटेनर यार्डांच्या धुळीला दोष देतं. उरलेले खाडीतल्या डासांना शिव्या घालतात. डासांबद्दल मी भांडणार नाही. खाडी आणि पाणथळ जमिनीला लागून सेक्टर वसवले की दिवेलागणीला खिडक्या लावून घ्याव्याच लागतात. पण डास चावला की गांधी उठते आणि बहुधा दोन-चार दिवसांत बसते. कडेने लालसर, खवलेदार, मधे मोकळं, रोज थोडं पसरत जाणारं कडं डासाचं नसतं. तो बहुतेक वेळा नायटा असतो, म्हणजे बुरशी. आणि बुरशीला लागणारं सगळं इथे आयतं मिळतं : दमट हवा, घाम, न वाळलेले कपडे.

जुलैत गॅलरीतल्या दोरीवरची जीन्स चाचपून पाहा. पाय वाळलेले लागतात. कंबरपट्टा, खिसे आणि जांघेची जाड शिवण मात्र तिसऱ्या दिवशीही गार. सकाळची घाई असते, तशीच चढवली जाते आणि ती ओली शिवण दिवसभर नेमकी जांघेत घासत राहते. जवळचं न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, त्याभोवती यार्डं आणि गोदामं वाढली. तिथे गेटची वाट बघत ट्रेलरचालक रेक्झिनच्या सीटवर तासन्‌तास घामात बसतात. यार्डातली पोरं सेफ्टी शूज आणि जाकिटात पाळी काढतात, आणि भाड्याच्या खोलीत एकाच खुंटीवरचा टॉवेल सगळ्यांच्या अंगाला लागतो. एकाचा नायटा खोलीभर फिरतो.

इथपर्यंतचा दोष हवेचा आणि गरिबीचा आहे. पुढचा माणसांचा आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. मेडिकलच्या काउंटरवर हळूच ‘खाज येते’ म्हटलं की पलीकडचा माणूस जागा न बघता, काही न विचारता एक ट्यूब पुढे सरकवतो. अशा बऱ्याच ट्यूबांत बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि सोबत क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड. स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, ट्यूबची कीर्ती होते. बुरशी मात्र मरत नाही. कातडीची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे ती आतल्या आत पसरते, आणि ट्यूब बंद केली की कड्यात कडं उमटून बाहेर येते. मग दुसरी ट्यूब. महिनोन्‌महिने हे चाललं की जांघेतली कातडी पातळ होऊन भेगांसारखे पट्टे पडतात. ते पुन्हा भरून येत नाहीत.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्यांत अशी मलमंही होती. कायदा आहे, पण काउंटरवर चिठ्ठी कोण मागतं? आणि बुरशी मात्र हट्टी होत गेली. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका जातीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं, आणि त्या नावातच आपला देश आहे.

त्वचेच्या डॉक्टरकडे गेलं की कड्याच्या काठावरचा कोंडा बोथट पात्याने खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. तपासणी साधी आहे, बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. औषध डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचं, टॉवेल वेगळा ठेवायचा, कपडे उलटे करून शिवणीवर इस्त्री फिरवायची.

पण प्रत्येक खाज बुरशीची नसते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुरळ उठवणारी, घरात दोघा-तिघांना एकदम झालेली खाज ही खरूज. तिथे पाच टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. ज्याला खाज नाही तो सोडला, की त्याच्याकडून ती परत येते. म्हाताऱ्या माणसांची खाज बहुधा कोरड्या कातडीची. कढत पाणी आणि घासून लावलेला साबण बंद करून, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोळली की पुष्कळ फरक पडतो. अंगावर काहीच दिसत नाही आणि खाज सहा आठवड्यांपेक्षा लांबली, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्यायला हवं.

आणि काउंटरवरची ट्यूब हातात घेतलीच, तर खोक्याच्या मागची बारीक अक्षरं तिथेच उभं राहून वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसलं आणि चिठ्ठी नसेल, तर ट्यूब परत करावी.